बावन्न आकड्याचं फुलांचं नाणं

आमच्या गुरुजींना नाण्यांचं वेड होतं. दुसऱ्यांचे नवरे चालणारे पैसे घरी आणतात, आमचे न चालणारे आणायचे. शाळेतून आले की हातपाय धुवायच्या आधी डबा उघडून बसायचे. महाडात कुणाच्या शेतात काही सापडलं, कुणा म्हातारीच्या गाठोड्यात काही निघालं, की ते आमच्या ओटीवर यायचं. मी चहा टाकायची आणि मनातल्या मनात बोटं मोडायची.

येसू आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची. मूळची पोलादपूरकडची, वर कुडपणची. इथे मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायची. मराठ्यांची सून बौद्धांच्या घरात राहते म्हणून गावात तोंडं वाकडी झाली होती, पण तिला आपल्या घरात जागा द्यायला त्यातलं एकही तोंड पुढे आलं नव्हतं. तिचा नवरा चांगू बोटीवर खलाशी होता. चौऱ्याहत्तरच्या शिमग्याला येऊन गेला, त्यानंतर ना माणूस ना निरोप. कंपनीत विचारलं तर म्हणे, कुठल्याशा बंदरात उतरला तो परत चढलाच नाही.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी त्यांच्याकडे रीत. ती बारा वर्षं सरली होती. धाकटा दीर रामजी येऊन सांगून गेला की येत्या अवसेला पुतळा जाळायचा, वैनीने गावी यावं. म्हणजे येसूचं कुंकू पुसायचं. येसू 'बरं' म्हणाली आणि त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं.

त्यातच मुंबईहून ती चिंधी आली. कुडपणकरांची माझगावला एक खोली होती. गावातला जो मुंबईला जाईल तो तिथे पथारी टाकायचा, आणि कुणाला गावी काही धाडायचं असेल तर तिथल्या फळीवर ठेवून जायचा. खोलीला रंग लावताना फळीच्या मागून एक गाठ मारलेली चिंधी निघाली. वर शाईने 'येसू, कुडपण' एवढंच. कुणी ठेवली, कधी ठेवली, कुणाला ठाऊक नाही. कुडपणात येसू पुष्कळ, त्यामुळे चिंधी आधी भलत्याच घरी फिरून आली. आमच्या येसूने ती बघताक्षणी ओळखली. चिंधी तिच्याच लुगड्याच्या काठाची होती. चांगूच्या ट्रंकेला खूण म्हणून तिने स्वतः फाडून बांधलेली.

आत एक पांढरं नाणं होतं, आपल्या आठ आण्याएवढं. एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला शंभरचा आकडा, आणि खाली चिनी वळणाच्या दोन अक्षरांच्या पुढे बावन्न.

हे नाणं चांगूने कधी बांधलं, एवढाच प्रश्न होता. शेवटचा गेला तेव्हाच ठेवलं असेल तर पुतळा जाळायला हरकत नाही. त्यानंतरचं असेल तर माणूस तेव्हा जिवंत होता.

गुरुजींकडे मुंबईच्या एका नाणीविक्याची छापील यादी होती. मीच ती झडप घालून उघडली. 'जपान, शंभर येन, फुलांचं, आकडा ५२ म्हणजे सन १९५२.' झालं, मी म्हटलं. जुनं नाणं, जाताना बायकोसाठी ठेवून गेला बिचारा आणि पुढे कुठेतरी वारला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. नवरा मेलेला बरा, पण विसरलेला नको.

"आधी या यादीची परीक्षा घेऊ," गुरुजी म्हणाले.

"परीक्षा शाळेत घ्या. इथे एका बाईचा जीव टांगलाय."

"म्हणूनच. ज्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे ते हिला विचार. भोकाचा पैसा काढ."

मी काढला. यादीत त्याच्यापुढे १९५० साल होतं. माझा थोरला भाऊ करगोट्यात भोकाचा पैसा बांधून नागडा हिंडायचा, तेव्हा इंग्रज इथेच होते. मी यादी मिटून ठेवली.

"घरचा पैसा हिला ओळखता येत नाही, ती जपानचं काय सांगणार?" गुरुजी म्हणाले. "आणि कुणाचं ऐकायचं ते उत्तर कळायच्या आधी ठरवावं, मंजुळा. नंतर ठरवलं की माणूस मनासारखं बोलणाऱ्यालाच साक्षीदार करतो."

हे मला होतं. छापलंय म्हणून खरं मानू नये, असं विहारात मीसुद्धा ऐकलेलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि शेजारणीचा चेहरा बघणं वेगळं.

येसू दारातच उभी होती. गुरुजी तिला म्हणाले, "मुंबईच्या लायब्ररीत एक मोठं पुस्तक आहे. ते जे सांगेल ते ऐकायची तयारी आहे ना? कसंही निघालं तरी?"

"हाय, गुरजी. ग्वाड नको. खरं सांगा."

गुरुजी रजा टाकून गेले. परत आले ते थेट येसूच्या खोलीत, मी मागोमाग. तिथे पुस्तकात त्यांनी आधी भोकाचा पैसाच बघितला होता. तो इंग्रजांच्या वेळचा, लढाईच्या काळातला, हे बरोबर होतं. शिवाय लिहिणाऱ्याला जिथे माहिती नव्हती तिथे त्याने सरळ 'माहीत नाही' असं छापलं होतं. मग त्यांनी जपानचं पान उघडलं. तिथले लोक राजा गादीवर बसला तेव्हापासून वर्षं मोजतात. बावन्न म्हणजे त्याच्या राज्याचं बावन्नावं वर्ष, आपलं सत्त्याहत्तर साल. आपल्या बावन्न साली तर हे फुलांचं नाणं निघालंच नव्हतं.



"म्हंजे मानूस मुंबयपातुर आला व्हता," येसू म्हणाली.

"तो आला की कुणाच्या हाती धाडलं, ते नाणं सांगत नाही. सत्त्याहत्तरच्या आधी ही गाठ मारलेली नाही, एवढंच."

मला चांगूचा असा राग आला की तो समोर असता तर लाटणं घातलं असतं. मुंबईहून पोलादपूर एका रात्रीची एसटी. वर कुडपणचा चढ, बस. येसू मात्र नाण्यावरच्या फुलांवरून अंगठा फिरवत होती.

"गुरजी, ही फुलं कसली वो? तकडं त्यांना वास येतो काय?"

"नाण्यांच्या पुस्तकात तसलं लिहीत नाहीत, येसूबाई," गुरुजी म्हणाले. त्या रात्री आमच्या घरीही कुणाला जेवण गेलं नाही.

अवसेच्या आदल्या दिवशी रामजी न्यायला आला. वाईट माणूस नव्हता तो. थोरल्या भावाची वाट बघून तोही थकला होता. त्याने नाणं हातात घेतलं, गुरुजींचं सगळं ऐकून घेतलं.

"भावजी, जित्या मानसाला आग लावायची नाय," येसू म्हणाली. "मी येनार नाय."

रामजीने नाणं परत तिच्या हातात ठेवलं. मग आम्ही कुणीच जे विचारायला धजलो नव्हतो ते त्याने विचारलं. "जिता हाय तर घरी का नाय आला, वैनी?"

"ते मी इचारीन," येसू म्हणाली. "आले की."