मामंजींनी निवडलेली माती

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा मामंजींची छाती फुगली आणि थोरल्या सुनेने तो पुन्हा पुन्हा वाचून पाहिला. शेताच्या खालच्या पट्टीची माती उत्तम, उणीव कसलीच नाही, असं त्यात स्वच्छ छापलं होतं. त्या उत्तम मातीत पीक मात्र गुडघ्याच्या वर जायला तयार नव्हतं.

"मातीत खोट नाही, म्हणजे पट्टीच करंटी," मामंजींनी निकाल देऊन टाकला. "महिनाअखेरीला वीटभट्टीवाला येतोय. त्याला हो म्हणतो."

भट्टीवाला वरची माती खरवडून नेणार, म्हणजे पुढे तिथे काही उगवायचं नाव नको. नवरा शहरात नोकरीला, वरच्या शेतात मामंजींची हुकमत. खालची पट्टी तेवढी सुनेने हट्टाने मागून घेतली होती. ती गेली की जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं, आणि ते तिला साफ नामंजूर होतं.

"मामंजी, नमुना घेतलात कुठून?"

ते हौसेने तिला घेऊन गेले. पट्टीच्या तोंडाशी, जिथे दरवर्षी शेणखताची गाडी रिकामी होते, नेमके तिथे. माती काळीभोर, हातात घेतली तर लोण्यासारखी.

"चाळून, खडे वेचून पाठवली," मामंजी म्हणाले.

"इथलीच का पण?"

"मग काय तो पांढरा पडलेला कोपरा पाठवू? परक्या माणसांपुढे आपली अब्रू आपणच काढायची?"

सुनेला हसू आवरेना. "तुमचं पोट दुखलं तर डॉक्टरकडे धाकट्या भाऊजींना पाठवता का? त्यांची तब्येत ठणठणीत आहे म्हणून?"

मामंजी फुरंगटून बांधावर जाऊन बसले. सुनेने पदर खोचला. अजून वेळ होता, आणि माती नीट बोलली तर तीच आपल्याला वाचवेल याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खताची जागा, झाडाची सावली, बांधाची कड सोडून ती नागमोडी चालत गेली. ठिकठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. लोखंडाचा अंश नमुन्यात उतरू नये म्हणून लोखंडी घमेलं तिने मुद्दाम घरी ठेवलं होतं; सगळी माती प्लास्टिकच्या टबात पडत होती. मग ढीग कालवून त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेले पुन्हा कालवले. असं करत करत एका पिशवीपुरती माती राहिली.

पांढऱ्या कोपऱ्याकडे ती वळली तशी मामंजी बांधावरून ओरडले, "तो कोपरा राहू दे, सूनबाई!"

"त्याची तर वेगळी पिशवी करणार आहे."

मामंजी उठून आले. मग खाली बघत म्हणाले, "माझ्या हयातीत बिघडलाय गं हा कोपरा. पाणी मीच जास्त सोडत राहिलो. लाज वाटते." आणि सुनेच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतःच उघडून धरली.

या वेळचा अहवाल वाचवत नव्हता. कोपऱ्यात क्षार साचलेले, निचरा बंद. चर खणा, जिप्सम टाका. बाकीच्या पट्टीत जस्त कमी, सेंद्रिय कर्ब तर अगदीच तळाला. सुनेचा जीव भांड्यात पडला. रोग कळला होता आणि औषध हाताशी होतं.

भट्टीवाला आला तेव्हा मामंजी पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून चरात उभे होते.

"काय, माती कशी निघाली?" त्याने विचारलं.

"वाईट," मामंजी छाती फुगवून म्हणाले. "अगदी वाईट. क्षार काय, जस्त काय, सगळीच बोंब आहे."

"मग देऊन टाका की!"

मामंजींनी फावडं चिखलात रोवलं. "घरातलं माणूस आजारी पडलं म्हणून कोणी विकतं का?" ते म्हणाले. "आणि विचारायचंच असेल तर सूनबाईंना विचारा. पट्टी त्यांची आहे."