मी पंजाबरावांची बिनभरवशाची कवळी

मी कवळी बोलतेय. हसा, हसा! स्वतःचे दात आहेत तोवर हसून घ्या.

माझा जन्म अमरावतीच्या एका दवाखान्यातला. मालक अचलपूरचे पंजाबराव; वांगी-मेथी पिकवणारे, आणि त्याहून जास्त खोड्या पिकवणारे. मला घासायचा आळस, पण मिरवायची भारी हौस. धामणगावच्या एका लग्नात त्यांनी मला शेजाऱ्याच्या ताटात बुंदीवर बसवलं. अर्धी पंगत उठून पळाली!

मालकीण पार्बताबाईंनी तेव्हापासून धसकाच घेतला. लेक दीपमाला सिंगापूरला बाळंत झाली, तिकडे जायचं ठरलं, तशी त्यांनी नवऱ्याला बजावलं, "तिकडे दीपमालाची सासूबी आली हाये, अकोल्याच्या वकिलाघरची. इहीनबाईले भेटेपर्यंत दात तोंडातून काढाचे नाही. माही शपथ हाये तुमाले!"

मुलगा शेखर म्हणाला, "बाबा, रांगेत उभं राहाचं कामच नाही. भरवशाच्या प्रवाशायले वेगळं फाटक असते. चेहरा दाखवला का उघडते." त्यानं मोबाइलवरच्या अ‍ॅपात दोघांचे फोटो भरले. पंजाबरावांचा फोटो काढला तेव्हा मी पेल्यात आंघोळ करत होते. मला कोण विचारतो?

विमानतळावर पार्बताबाई फाटकापुढे उभ्या राहिल्या आणि सुळकन पलीकडे गेल्या. मागून पंजाबराव ऐटीत आले, मला दाखवत हसले. लाल दिवा! पुन्हा हसले. पुन्हा लाल!

तिथल्या साहेबीणबाई आल्या. "काका, फोटोत गाल आत गेलेत. हे तुम्हीच ना?"

"मीच जी. दात तेवढे बाजारचे हायेत."

"मग ते काढा, नाहीतर त्या रांगेत जा."

रांग मारुतीच्या शेपटासारखी. तिकडे विमानाचा पुकारा सुरू. जन्मभर शपथा मोडलेला माणूस नेमका आज ओठ घट्ट मिटून उभा!

काचेपलीकडून पार्बताबाई ओरडल्या, "काहून थांबले जी? मी एकटी जाऊ का सिंगापूरले? काढा ते दात! शपथ सुटली, सुटली, सुटली!"

मी रुमालात गेले. बोळकं दिसताच फाटक उघडलं. म्हणजे सरकारचा भरवसा बोळक्यावर, माझ्यावर नाही!

आणि एकदा शपथ सुटल्यावर पंजाबराव कोणाचं ऐकतात? दीपमालाच्या दारात ते तसेच, बोळकं पसरून उभे राहिले. पार्बताबाईंनी कपाळाला हात लावला. विहीणबाईंनी ते बघितलं. मग तोंड पदराआड नेलं आणि स्वतःची कवळी काढून हातातच घेतली. "बरं झालं बापा! माहेबी लय टोचून राहिले होते!"

सध्या मी खिडकीत पेल्यात आहे. शेजारच्या पेल्यात अकोल्याची मैत्रीण. पाळण्यातली नात आणि आजोबा एकमेकांना बोळकं दाखवून खिदळताहेत.

शेखरदादा, परतायच्या आधी एक नवा फोटो भर बापा, माझ्यासकट. भरवशाचं कोणी असेल तर ती मीच. म्हातारा नाही!