मंडईचे ब्लाउज

शामकलाबाई गोंदियाच्या एका शिवणकाम केंद्रात शिकवतात आणि बाई म्हणून सोनं आहेत. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येईल.

मुलीची शिवण जरा वाकडी गेली की बाईंचा जीव खालीवर. कापड तिच्या हातातून ओढायचं, उसवायचं, स्वतःच शिवून द्यायचं. गिऱ्हाईक आलं तर बोलणार बाईच. मुली मागे माना खाली घालून काजं करत बसायच्या. मग अभ्यासक्रमात उद्योजकता आली, आणि शिकवणाऱ्यांनाच आधी नागपूरला शिकायला पाठवलं. तिथल्या सरांनी एकच गोष्ट घोटून घोटून सांगितली. प्रश्न मुलीला विचारलाय ना, मग उत्तर तिलाच देऊ द्या. चुकली तरी तुम्ही गप्प बसा. बाईंनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

त्यांची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी राखी. कामठ्याला दिलेली. सासरे उमराव यांनी रस्त्याकडची खोली तिला दुकानाला दिली होती. मशीन आली, आरसा आला, गिऱ्हाईक काही टिकेना. राखी सावकाश बोलणारी. कुणी काही विचारलं की ही आधी विचार करणार, तोवर समोरची उठून जायची.

"मंडईपर्यंत पाहू," उमराव म्हणाले. "नाही त खोली हिमांशुले देऊन टाकू. मोबाईलचं दुकान लावतो म्हणते तो." हिमांशु म्हणजे राखीचा दीर. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते, लेकी माहेरी येतात, घरोघरी नवे कपडे होतात. शिवणाऱ्या बाईला तेव्हा काम नाही, तर मग कधी?

आणि काम चालून आलं. बचत गटाच्या नंदाबाईंचा निरोप होता की मंडईला गटातल्या सगळ्या जणी एका रंगाचे ब्लाउज घालणार. राखीला काम द्यायचं की गोंदियाला, ते रविवारी येऊन ठरवू. राखीनं लगेच फोन लावला. "मॅडम, तुमी नुसत्या बाजूले बसा. मले धीर येईल."

शामकलाबाई सकाळच्या बसने हजर झाल्या.

नंदाबाई दोघीतिघींना घेऊन आल्या. उमराव दाराशी खाटेवर कान देऊन बसले होते. नंदाबाईंनी कापडाचा गठ्ठा राखीपुढे ठेवला. "सांग पोरी, येवढे ब्लाउज एकटी कशी करशील? अन् एखादीले नाही बसला त?"

राखी कापडावरून बोट फिरवत राहिली. खरं सांगायचं तर फार वेळ गेला नव्हता. पण शामकलाबाईंना तेवढाही सोसवेना. पोरगी अडकली, हातचं काम गेलं, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्या बोलू लागल्या. कटिंग सगळ्यांचं एकदम करायचं, पहिला ब्लाउज घालून बघायचा, आत शिलाईला जागा सोडायची म्हणजे सैल करता येतो. असं काही फर्मास बोलल्या की नंदाबाई बघतच राहिल्या.

"मॅडम, तुमीच घ्या न हे काम," त्या म्हणाल्या.

"छे हो, माझं काय. राखी फार छान शिवते."

"शिवते चांगली. पण बोलत नाही न. उद्या बिघडलं त भांडू कोनाशी?" नंदाबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं.

राखीनं कापडाची विस्कटलेली घडी पुन्हा नीट घातली आणि गठ्ठा नंदाबाईंच्या हाती दिला. "मॅडमलेच द्या काकी. त्यायच्याकडे चांगले होतील."

बायका गेल्या. उमराव आत आले, आणि त्यांनी हिमांशुला भिंतीचं माप घ्यायला सांगितलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

शामकलाबाईंना रडू आवरेना. "मी नाही घेणार ते काम. आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"नोका जाऊ मॅडम." राखी टाचण्या डबीत भरत होती.

"अगं, पण तू गप्प का बसलीस?"

"गप्प नव्हती. बाजूची रेणू अन् मंदाबाई, दोघींले संगं घेईन, काजं त्या करतील, असं मनात जुळवून राहिली होती. आता सांगनारच होती." तिनं डबीचं झाकण लावलं. "मंग तुमी बोलल्या. मले वाटलं, माहंच चुकत असन."