मुसळ आणि बाळाचा ओठ

"उभं राहिलं! उभं राहिलं!"

बद्रीनाथ महाराजांच्या मठाच्या अंगणात शंभरएक माणसं एकदम ओरडली. पितळी परातीत पाणी, पाण्यात मुसळ, आणि मुसळ कुणीही न धरता सरळ उभं. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. एका गृहस्थांनी चपला काढल्या आणि मग आठवून हेल्मेटही काढलं.

ग्रहण लागलं की परातीत मुसळ उभं राहतं, ग्रहण सुटलं की पडतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. महाराजांनी त्यात भर घातली होती. "आकाशातलं ग्रहण सुटतं हो, घरातलं सुटत नाही! राहू वक्री, केतू चक्री, आणि मधे तुम्ही. ज्या घराचं नाव घेतल्यावर मुसळ उभं राहील, त्या घरात ग्रहण मुक्कामाला आहे." चक्री हा ग्रह-प्रकार मी प्रथमच ऐकला. मी मांजरी गावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते.

त्या गुरुवारी शाळेत जाता जाता मी गंमत म्हणून थांबले होते. ज्यांच्या घराचं नाव घेतलं होतं त्या सरुबाई पुढे बसल्या होत्या, माझ्या वर्गातल्या संस्कृतीची आजी. शेजारी त्यांची धाकटी सून हेमा, मांडीवर अडीच महिन्यांचं बाळ. बाळाचा वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला. त्याला नीट दूध ओढता येत नव्हतं, हेमा चमच्यानं पाजत होती. सोमवारी ऑपरेशनची तारीख होती.

"म्हाराज, सोमवारी न्यायचं हाय दवाखान्यात," सरुबाई म्हणाल्या.

"मुसळ काय सांगतंय? उभं आहे ना? उभं आहे तोवर बाळाला सुरी लावायची नाही. शांती करू, मुसळ आपोआप पडेल, मग बघू."

हेमानं मान खाली घातली. मी मनातल्या मनात 'काय हा मूर्खपणा' म्हटलं, घड्याळ बघितलं आणि पहिला तास गाठायला निघाले.

दुसऱ्या दिवशी आमची सहल होती, शहरातल्या विज्ञान केंद्रात. तिथल्या आम्रपाली नावाच्या मुलीनं खोलीत अंधार करून एक दिवा लावला. दिवा म्हणजे सूर्य, पृथ्वीचा गोल, आणि काठीला लावलेला चेंडू म्हणजे चंद्र. चंद्र धरायला तिनं संस्कृतीला बोलावलं. संस्कृती जागची हलेना.

"अगं, चंद्र धरायला सांगितलंय, विंचू नाही," मी म्हटलं. पोरं फिदीफिदी हसली.

"मॅडम, नको," ती म्हणाली. "माझ्यामुळं आधीच एकदा झालंय." आणि तिला रडू कोसळलं.

मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं. कुठून बोलले मी, असं झालं मला. हुंदके देत देत तिनं सांगितलं. दिवाळीत सूर्यग्रहण होतं, संध्याकाळचं. आजीनं हेमाकाकूला बजावलं होतं की काही चिरायचं नाही, कापायचं नाही. पण संस्कृतीला भूक लागली. तिनं हट्ट केला, आणि काकूनं गुपचूप एक पेरू कापून दिला, तिखट-मीठ लावून.

"आजी म्हणते, पेरू तू खाल्लास आणि ओठ बाळाचा फाटला. मी त्याला हात पण लावत नाही, मॅडम. आणखी काही झालं तर?"

अरे देवा! याच पोरीनं चाचणीत ग्रहणाची आकृती इतकी सुबक काढली होती की मी ती वर्गात फिरवली होती. आकृती तपासली, पोरीला मात्र विचारलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

मी तिथूनच बालरोगतज्ज्ञ असलेल्या मैत्रिणीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "पोटात बाळाचा ओठ जुळतो तो दुसऱ्या महिन्यात. तेव्हा जुळला नाही तर दुभंगलेला राहतो. त्यानंतर आईनं पेरू कापला काय अन् फणस कापला काय!"

"दिवाळीत काकूला आठवा होता," संस्कृती हळूच म्हणाली.

"मग तो ओठ तसाच होता, बाळा," मैत्रीण फोनवरून म्हणाली. "तू पेरू मागायच्या कितीतरी आधीपासून."

मागे आम्रपाली येऊन उभी होती. ती तिला आत घेऊन गेली. संस्कृतीनं चंद्र धरला, त्याची सावली स्वतःच्या दुसऱ्या हातावर पाडली आणि बराच वेळ बघत राहिली. हाताला काहीच झालं नाही.

बसमध्ये ती माझ्याशेजारी येऊन बसली. "मग मुसळ का उभं राहतं?"

"ग्रहण नसताना तुम्ही कधी उभं करून बघितलंय?"

"ग्रहण नसताना कोण कशाला करेल?"

"तेच तर!"

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, राहतं! कधीपण राहतं! आणि पडतं पण! उद्या मठात याल?"

रविवारी अंगण भरलेलं होतं. सरुबाईंच्या घराची शांती झाली. महाराजांनी मुसळ उचललं, बाळावरून गरागरा ओवाळलं, "सुट, सुट, केतू, सुट!" म्हणत परातीत ठेवलं. ते धाडकन पडलं. जयजयकार झाला.

"आता एकवीस दिवस सुरी नाही," महाराज म्हणाले.

"कडी वर होती!" संस्कृती ओरडली.

"काय?"

"आमच्या घरच्या मुसळासारखीच याला एका टोकाला लोखंडी कडी आहे. ते टोक सपाट आहे. कडी खाली असली की ते उभं राहतं. दुसरं टोक झिजून गोल झालंय, त्यावर पडतं. ओवाळताना तुम्ही उलटं केलंत."

"मुलीच्या अंगातच ग्रहण शिरलंय!" महाराज गरजले. "दूर व्हा तिच्यापासून!"

पोर पांढरीफटक पडली. पण या वेळी मी घड्याळ बघितलं नाही. "अहो महाराज, मग आम्ही सगळे करून बघतो ना. आमच्या सगळ्यांच्या अंगात थोडंच शिरलं असेल?"

पुढं कुणीच येईना. मग हेमा उठली. बाळ तिनं माझ्याकडे दिलं, मुसळ उचललं आणि कडी खाली करून परातीत ठेवलं. उभं राहिलं. उलटं केलं. पडलं. पुन्हा उभं, पुन्हा पडलं. एक आजोबा पुढं आले, त्यांचंही उभं राहिलं. मग रांगच लागली.

"म्हणजे ग्रहण मठातच मुक्कामाला हाय व्हय?" मागून कुणीतरी विचारलं, आणि अंगण हसून लोळलं.

महाराजांना ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. ते आत गेले आणि आतून कडी लावून घेतली.

सोमवारी बाळाचं ऑपरेशन झालं. मी दुपारी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर "छान झालंय" म्हणून गेले होते. सरुबाई बाकावर डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या.

"या लेकराला काय काय बोलले मी," त्या संस्कृतीला जवळ ओढत म्हणाल्या. "दोन महिनं घास गोड लागू दिला न्हाय तिला. मी पापी हाय गं."

"रडू नको, आजी," संस्कृती म्हणाली. "तुला तरी कुठं कुणी सांगितलं होतं?"

तिनं ते अगदी सहज म्हटलं. माझ्याकडे बघूनही नाही. पण मला मान वर करता येईना. मला माहीत होतं, आणि गुरुवारी त्या अंगणात मी गप्प बसले होते. बाळाची तारीख माझ्यासमोर पुढं ढकलली जात होती आणि मी तास गाठायला निघाले होते. महाराजांचं पोट त्यावर चालतं, ते फसवणारच. आपण शिकलेली माणसं मनातल्या मनात हसतो आणि पुढं जातो, त्याचं काय?

म्हणून हात जोडून सांगते. ऐकलं ते करून बघा, करून बघितलं ते दुसऱ्याला सांगा, आणि तिथंच सांगा, मोठ्यानं सांगा. उशीर झाला तर चालतं असं समजू नका. त्या घरात कुणीतरी लहान पोर, काहीही केलेलं नसताना, स्वतःला दोष देत बसलेलं असतं.