अर्धा इंच

"हात पुढे कर."

बत्तीस वर्षं झाली, पण धाकट्या मिस्त्रींना तो आवाज अजून जसाच्या तसा ऐकू येतो. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाचा राग कधीतरी उतरतो तरी. हा आवाज काम सांगितल्यासारखा होता. फळी इकडे आण, करवत तिकडे ठेव, हात पुढे कर. दहा वर्षांच्या पोराने हात पुढे केला आणि लाकडी दोनफुटी पट्टीची कड बोटांवर बसली. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून पुरती मिटत नाही.

आजची रविवारची सकाळही नेहमीसारखीच होती. आदल्या दिवशीचा भुसा झाडून झाला, चहा आला, आणि थोरले मिस्त्री, म्हणजे त्यांचे वडील अण्णा, दाराशी आपल्या खुर्चीत येऊन बसले. अण्णांचे हात आता थरथरतात. रंधा सुटला, हुकूम सुटला नाही. आज त्यांच्या नातवाचा, म्हणजे धाकट्या मिस्त्रींच्या मुलाचा, कारखान्यातला पहिला दिवस होता. पोरगा इतका किडकिडीत की आजोबांनी त्याचं नावच खिळ्या ठेवलं होतं.

"खिळ्या, नर्सबाईंच्या औषधाच्या कपाटाची फळी आहे. चौदा इंच मोज आणि काप. ती पट्टी घे, भिंतीवरची."

भिंतीवरच्या त्या पट्टीचं सुरुवातीचं टोक अर्धा इंच तुटलेलं होतं. टोकापासून मोजलं की माप तेवढंच कमी भरतं. मोठी माणसं एकच्या खुणेपासून मोजत. नव्या पोराला मात्र हे कुणी सांगायचं नाही. त्याला फळी चुकू द्यायची, आणि मग त्याच पट्टीने त्याला मारायचं. "एकदा बोटांवर बसलं की जन्मात माप चुकत नाही," असं त्या गल्लीत म्हणत. गल्लीत सहा कारखाने होते आणि सहाही ठिकाणी अशी एकेक पट्टी होती. जिथे तुटलेली मिळाली नाही, तिथे मुद्दाम कापून घेतलेली.

धाकट्या मिस्त्रींना हे सगळं ठाऊक होतं. तरी आदल्या रात्री ते मुलाला काही बोलले नाहीत, आणि सकाळी अण्णांनी पट्टीकडे बोट दाखवलं तेव्हा "बिजागऱ्या आणतो" म्हणून बाहेर पडले. बिजागऱ्या उद्या आणल्या असत्या तरी चाललं असतं. वाईट करणाऱ्यापेक्षा वाईट घडताना बिजागऱ्या आणायला जाणारेच जगात जास्त. देवापुढे हात जोडताना आपल्यापैकी कितीजणांना हे आठवतं?

दुकानापर्यंत ते गेलेच नाहीत. अर्ध्या वाटेत करंगळी दुखली, की दुखल्याचा भास झाला, कोण जाणे. ते माघारी वळले.

आत कारखान्यातले जुने कारागीर, पॉलिशवाले काका, हसत होते. "अरे खिळ्या, करवत आहे ती, कंगवा नव्हे! जोर लाव." फळी कापून झाली होती. पोराने ती कपाटात धरून पाहिली आणि ती एका बाजूने खाली घसरली. त्याने पुन्हा मोजलं. पट्टी चौदाच सांगत होती.

"आजोबा, मी बरोबर मोजलं होतं. शप्पथ."

"फळी खोटं बोलते का मग?" अण्णा खुर्चीतून उठले. पट्टी त्यांनी नातवाच्या हातून काढून घेतली. "हात पुढे कर."

"अण्णा, थांबा." धाकटे मिस्त्री दारात उभे होते. "पोराची चूक नाही. पट्टी चुकीची आहे, आणि तुम्हाला ते माहीत आहे."

"तुला माहीत नव्हतं? सकाळी मूग गिळून बसला होतास का?"

"नाही बोललो. ती माझी चूक."

पॉलिशवाले काका मध्ये पडले. "जाऊ द्या हो मिस्त्री. एकच तर फटका. तुम्हाला बसला, आम्हाला बसला. मेलो का आपण?"

"मेलो नाही, काका. पण अण्णा," आणि इथे धाकट्यांचा आवाज जरा खाली आला, "फटका मी कधीच विसरलो असतो. पट्टी तोकडी आहे हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, हे मला कळलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. त्यानंतर मी तुमच्या शेजारी कधी बसलो का? आठवून बघा."

अण्णांच्याही डाव्या हाताचं एक बोट वाकडं होतं. ते म्हणाले, "माझ्या बापाने मला असंच घडवलं. तू मला शिकवू नकोस. बाजूला हो."

धाकटे मिस्त्री बाजूला झाले नाहीत. त्यांनी मुलाला पाठीमागे घेतलं आणि स्वतःचा हात पुढे केला. तोच, डावा.

"मारायचंच असेल तर इथे मारा."

सगळ्यांना वाटलं, म्हातारा पट्टी खाली ठेवेल. पण पट्टी खाली आली ती जोरातच. कारखान्यात तेवढाच एक आवाज झाला. बेचाळीस वर्षांच्या माणसाने हात मागे घेतला नाही. उलट तोच हात मिटून त्याने पट्टी धरली आणि बापाच्या थरथरत्या मुठीतून हलकेच सोडवून घेतली.

"झालं, अण्णा. या घरातला हा शेवटचा."

अण्णा खुर्चीत बसले. रडले नाहीत की माफी मागितली नाही. फक्त नातवाने कापलेली फळी मांडीवर घेऊन तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "काप सरळ आहे पोराचा."

धाकट्या मिस्त्रींनी मुलाला जवळ घेऊन पट्टीचं तुटकं टोक दाखवलं. एकच्या खुणेपासून कसं मोजायचं ते सांगितलं. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

पट्टीकडे पाहताना पोराला आपला दोस्त आठवला. "बाबा, गोट्याचा उद्या पहिला दिवस आहे. कोपऱ्यावरच्या, त्यांच्याच कारखान्यात. त्याला सांगितलं असेल का कुणी?"

"नसेल."

"तुम्ही सांगाल?"

पॉलिशवाले काका पुटपुटले, "त्याच्या बापाला ओळखता ना? अंगावर धावून येईल. गल्लीत वाळीत पडाल, मिस्त्री."

"सांगतो, बाळा," धाकटे मिस्त्री मुलाला म्हणाले.

बोटं सुजायला लागली होती. त्यांनी ती नळाखाली धरली, हात पुसला, पट्टी काखेत घेतली आणि ते कोपऱ्याच्या दिशेने चालू लागले.