तांदळातलं नाव

नाव बदलायची हौस नवऱ्याची, अन् निस्तरायचं बायकोनं! लग्नात सुदर्शननं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'तनुजा' लिहिलं, बायांनी टाळ्या पिटल्या, अन् पाचोडची करुणा तिथंच संपली. पुढं आधारकार्डावरही ती तनुजा झाली. पॅनकार्ड मात्र लग्नाआधी वाळूजच्या कंपनीत लागली तेव्हाचं होतं. त्यावर करुणाच राहिली.

आता चितेगावला रो-हाऊस घ्यायचं ठरलं. घर तिच्या नावावर करू, असं सुदर्शनच म्हणाला होता. बाईच्या नावावर खरेदी केली की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते ना! त्या बोलीवर तिनं आपला पीएफ काढून बिल्डरला दिला. वडील गेल्यावर तिच्या आईला दिरांनी घराबाहेर काढलं होतं. आपल्याला कुणी 'निघ' म्हणू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

रजिस्ट्री ऑफिसात एजंट राजेंद्रनं कागद पाहून कपाळावर हात मारला.

"वहिनी, आधारवर एक नाव, पॅनवर दुसरंच. आधी सारखं करून घ्या, मग खरेदीखत. महिनाभर तरी जाईल."

"थांबू की मग," ती म्हणाली.

"थांबायचं कशाला?" सुदर्शन म्हणाला. "माझ्या नावावर करू. तुझं-माझं काय येगळं हाय का?"

"अन् शुल्काचं चलन? ते माझ्या नावानं भरायचं होतं."

राजेंद्रनं मान खाली घातली. "ते दादांनी कालच त्यांच्या नावानं भरलंय, वहिनी."

आता रडू येईल असं करुणाला वाटलं, पण आलं नाही. रागही आला नाही. ती बाकावर बसून राहिली. कर्जाच्या कागदांवर तिची सही होती. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र बँकेनं बिनबोभाट घेतलं होतं. हप्ताही तिच्याच पगारातून जाणार होता. अहो, कर्जात नाव असलं म्हणून घरात नाव लागतंय व्हय? पण हे तिला आधी सांगणार कोण?

तेवढ्यात एक साक्षीदार कमी पडला.

"वहिनी चालतील की," राजेंद्र म्हणाला. "साक्षीला आधार पुरतं."

टेबलामागच्या साहेबांनी सुदर्शनकडं पेन रोखला. "बाई, तुम्ही यांना ओळखता का?"

"व्हय साहेब," ती म्हणाली. "आज ओळखलं."