मधली घागर

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घागर. लातूरच्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि चांगुणाच्या आईनं लेकीच्या लग्नात आंदण दिलं. चांगुणा मला चिंच लावून, राखेनं अशी घासायची की उन्हात माझ्याकडं बघवत नसे. बायका म्हणायच्या, हिनं घागर न्हाई, आरसा आणलाय. ते ऐकून मी मनात फुगायचे.

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा फार वाईट गेला. गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, तेही तळाला. झऱ्याचं पाणी साचेपर्यंत थांबायचं, मग पाळीपाळीनं शेंदायचं. काठावर घागरी रांगेत ठेवून बायका लिंबाच्या सावलीत बसत. चांगुणा बौद्ध वस्तीतली. दुष्काळामुळं तिची घागर रांगेत चालवून घेत; बसायला मात्र ती वेगळी, दूर बाभळीखाली.

एका दुपारी पाण्याच्या वासानं गुरं उधळली आणि रांगेत घुसली. मी गडगडत विहिरीकडं गेले. मला धरायला चांगुणा धावली आणि आम्ही दोघी आत पडलो. वर नुसता धुळीचा लोट. कुणी पाहिलं नाही.

खाली गाळ होता म्हणून तिचा जीव वाचला, पण शुद्ध नव्हती. मान माझ्यावर कलंडलेली. ज्या पाण्याची वर वाट बघणं चाललं होतं, तेच पाणी साचत साचत तिच्या ओठांकडं चढत होतं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

वरून बोलणं ऐकू येत होतं. पाण्याची पाळी बघणारे दुकानदार शिवप्पा विखुरलेल्या घागरी पुन्हा लावत होते. कुणाच्या पुढं कोण होतं ते सांगा, म्हणाले. कस्तुराबाई सगळ्यांत पुढं, त्यावर वाद नव्हता. जगदेवी म्हणाली, मी कस्तुराबाईला लागूनच मागं. रुद्राणी म्हणाली, मी सगळ्यांत शेवटी. राहिली नागम्मा. ती म्हणाली, जगदेवी माझ्या पुढं होती, पण लगोलग नाही; मधे एक घागर होती.

मग मधे रुद्राणीच असणार, असं कुणीतरी ठरवलं. रुद्राणीलाही एक जागा पुढं सरकायला मिळत होती. तिनं घागर उचलून तिथं ठेवली.

"झालं, बसली रांग," शिवप्पा म्हणाले.

रांग जुळली होती आणि आम्ही दोघी तिच्यात नव्हतो. पाणी चांगुणाच्या खालच्या ओठाला लागलं.

"न्हाई अण्णा," नागम्माचा आवाज आला. "रुद्राणी माझ्या मागंच व्हती. मधी दुसरीच घागर व्हती."

"गप गं बाई," कस्तुराबाई म्हणाली. "उन्हानं तुला एकाच्या दोन दिसल्या."

सगळ्या हसल्या. नागम्माही गप्प झाली. ती शांतता मला अजून सोडत नाही. तेवढ्यात तिनं 'असंल बाई' म्हटलं असतं, तर?

"ज्या घागरीनं डोळं दिपत व्हतं, ती," नागम्मा सावकाश म्हणाली. "चांगुणा कुठं हाय?"

मग रुद्राणीनं आपली घागर मागं घेतली. काठावर एकेक डोकं वाकलं, आणि पहिली किंकाळी कस्तुराबाईची होती. नागम्मा कपारीत पाय देत खाली आली आणि तिनं चांगुणाचं तोंड पाण्याबाहेर धरलं. वरून दोर सोडला तो शिवप्पांनी. चांगुणा वाचली. त्या दिवशी कस्तुराबाईनं तिला लिंबाच्या सावलीत आडवं केलं. दुसऱ्या दिवशी चांगुणा पुन्हा बाभळीखाली जाऊन बसली. नागम्मा उठून तिच्याशेजारी गेली.

आता घरात प्लास्टिकची पिंपं आहेत. मी माळ्यावर असते. खाली पोरं खेळताना भांडतात, मी पुढं, तू मागं. आणि हिशेब बसला नाही की कुणालातरी खोटं पाडून मोकळी होतात. मित्रांनो, असं करू नका. हिशेब बसत नसेल, तर आधी मान वळवा आणि बघा, कोण बोलत नाहीये.